न धुतलेला टोप

आमच्या घरात देवांचे केस मी धुवायचे. हे सांगितलं की लोक हसतात, पण खरंच तसं होतं. जालन्यात वडिलांचं नाटकाच्या कपड्यांचं दुकान होतं. गणपती, नवरात्र, मग शाळांची गॅदरिंगं, मग गावोगावच्या जत्रा आणि शेवटी जांबची रामनवमी. एवढ्या हंगामात राम, रावण, सीता, नारद आमच्या ट्रंकांतून निघायचे आणि मळून परत यायचे. कपडे परटाकडे जात, मुकुट आई पुसायची. केसांचे टोप माझ्याकडे होते, कारण आईला त्यांची किळस यायची. मला येते का, हे कोणी विचारलं नव्हतं.

परत आलेल्या टोपाला आतला माणूस चिकटलेला असायचा. घाम, विडी, चमेलीचं तेल, तपकीर. नारदाच्या टोपात उवा निघायच्या आणि रावणाच्या टोपात तर इतक्या लिखा, की हा माणूस स्टेजवर दहाही डोकी खाजवत असणार असं मी आईला म्हणायचे. आई म्हणायची, "देवाधर्माची चेष्टा करू नकोस." मी म्हणायचे, "देवाला सांग डोकं धुवायला."

टोप धुण्याची एक रीत होती. आधी झटकायचा. मग कोमट पाण्यात रिठे कुस्करून त्यात तो बुडवून ठेवायचा, चोळायचा नाही. टोप उलटा करून आतली जाळी दातांच्या जुन्या ब्रशनं घासायची, कारण जाळी डोक्याला लागते आणि खरी घाण तिथंच बसते. परत साध्या पाण्यातून काढायचा. उपड्या मडक्यावर बसवून सावलीत वाळवायचा, टोकापासून वर विंचरायचा, आणि कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवायचा. नवरात्रानंतर आमच्या गच्चीवर उपड्या मडक्यांची रांग लागायची आणि प्रत्येकावर केस. शेजारीण म्हणायची, "बसली का तुमची पंगत?"

एका टोपाला दोन बादल्या पाणी लागायचं. चांगल्या साली मी सगळे टोप टोपलीत घालून कुंडलिकेवर न्यायचे.

बहात्तरच्या दुष्काळात कुंडलिकेत फक्त खड्डे होते. लोक वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत होते. नळ कधी यायचा याचा भरवसा नव्हता. त्या साली नवरात्र झाल्यावर रामलीलेचे चौदा टोप परत आले. वडील म्हणाले, "औंदा पाण्याचं नाव काढू नको. उन्हात टाक अन् राकेलचा बोळा फिरव. आतून कोण पाहून राह्यलं?"

मी तसंच केलं. तेरा टोपांना केलं. रामाचा टोप उलटा केला तेव्हा मात्र हात थांबला. जाळीवर पिवळट खपल्या चिकटल्या होत्या, जाड, आणि त्यांना कुबट वास येत होता. त्या मंडळीतला राम दिवसासुद्धा डोक्याला रुमाल बांधून असायचा, ते मला आठवलं. मी टोप वडिलांना दाखवला. त्यांनी उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "खवडा दिसतो, एकाचा दुसऱ्याच्या डोक्याला लागतो. हा मात्र धू. काय बी कर, पण हा बराबर धू."

हे मी मुद्दाम लिहिते आहे. वडिलांनी मला धुवायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई पहाटेपासून रांगेत उभी राहिली आणि दोन बादल्या पाणी घेऊन आली. एक टोप धुण्यापुरतं होतं. पण त्याच दिवशी संध्याकाळी मला पाहायला अंबडकडून पाहुणे येणार होते. मी अठरा वर्षांची होते. रंग काळा, दात पुढे, उंचीही बेताची. दाखवण्यासारखे फक्त केस होते, कमरेच्या खाली येणारे, आणि त्यांचा मला फार गर्व होता. तीन आठवडे ते धुतले नव्हते. धुळीनं त्यांची दोरी झाली होती.

आई स्वयंपाकघरात होती. मी दोन्ही बादल्या न्हाणीत नेल्या आणि भिजवलेल्या रिठ्यांनी माझं डोकं धुतलं. शेवटचा तांब्या डोक्यावर ओतताना मला इतकं सुख वाटलं, की ते मी अजून विसरले नाही. मग रामाच्या टोपाच्या खपल्या नखानं काढल्या, रॉकेलचा बोळा दोनदा फिरवला आणि ओला दिसावा म्हणून वरून थोडं पाणी शिंपडून तो मडक्यावर ठेवला. वडिलांनी येता-जाता मडक्याकडे पाहिलं आणि ते पुढे गेले.

पाहुणे आलेच नाहीत. दोन दिवसांनी निरोप आला, की असल्या साली लग्नाचं काढायचं नाही असं घरात ठरलंय.

डिसेंबरात बदनापूरकडच्या एका गावातल्या मुलींच्या शाळेच्या बाई कपडे न्यायला आल्या. रामाचं नाटक होतं आणि सगळी कामं मुलीच करणार होत्या. माझ्यासमोर त्यांनी रामाचा टोप उचलला, हातावर फिरवून पाहिला, "छान ठेवलाय हो," म्हणाल्या. मी हसले. चार दिवसांनी टोप परत आला आणि मी तो ट्रंकेत टाकला.

उन्हाळ्यात एक बाई मुलीला घेऊन दुकानात आली. मुलगी चौदाएक वर्षांची, डोक्याला पांढरं फडकं गच्च बांधलेलं. बाईनं आधी वडिलांना नमस्कार केला, मग भीत भीत विचारलं, "भाऊ, ही गॅदरिंगात राम झाल्ती. तवापासून हिचं डोकं चिघळलं. केस जुडग्यानं गेले. डाक्टर म्हणला, कोणाचं तरी लागलं. तुमच्या टोपाचं तर न्हाई ना?"

वडील रागावले नाहीत. त्यांना खरोखर खात्री होती. ते म्हणाले, "बाई, दुसरा कोणता टोप असता तर मी छातीठोक सांगितलं नसतं. पण रामाचा टोप मी मुद्दाम धुवायला लावला होता. ही माझी पोरगी, हिनंच धुतला. इचारा तिला."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मुलीनंही पाहिलं. मी म्हणाले, "धुतला होता. रिठ्याच्या पाण्यात. दोनदा."

दोनदा म्हणायची काही गरज नव्हती.

बाई म्हणाली, "मंग आमचंच नशीब. माफ करा भाऊ, उगं शक घेतला." जाताना तिनं मुलीचं फडकं नीट केलं तेव्हा कानामागची थोडी कातडी दिसली, लाल आणि ओली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आईनं दोनदा विचारलं, आणि मी तिच्यावरच ओरडले. माझा स्वभाव आधीपासून तापट आहे असं घरात सगळे म्हणतात. खरं तर तो त्या उन्हाळ्यात बिघडला. कोणी माझ्या केसांचं कौतुक केलं की मी अंगावर जायचे.

पुढे पाऊस झाला, नदीला पाणी आलं. मी रामाचा टोप एकटाच घेऊन कुंडलिकेवर गेले आणि जाळी फाटेपर्यंत घासला. वडील म्हणाले, "जीव काढलास की त्याचा." त्या टोपाला परत कधी राम मिळाला नाही.

तीन वर्षांनी त्याच मायलेकी पुन्हा दुकानात आल्या. दुष्काळात ठरता ठरता राहिलेलं माझं लग्न अजून राहिलेलंच होतं, म्हणून मी दुकानातच होते. मुलीचं लग्न जमत आलं होतं. तिची आई हळू आवाजात म्हणाली, "कडंकडंनं केस आल्ते भाऊ, मधी बिलकुल न्हाईत. पाहुण्यांनी लांबून पाह्यलं, पदरातून. आता जवळून पाहायला येऊन राह्यले. तुमच्याकडं बायांचे टोप असतात ना?"

वडिलांनी स्वतः उठून सीतेचा टोप काढला. खऱ्या केसांचा, दुकानातला सगळ्यात चांगला. म्हणाले, "पोळ्यापर्यंत ठेवा. पुढं मंडळं मागायला येतात."

"तोवर पोरगी रुळली की आम्हीच सांगून टाकू," मुलीची आई म्हणाली. सांगितल्यावर काय होईल, हे तिला, वडिलांना, मला, त्या मुलीलाही माहीत होतं. आम्ही चौघं मिळून एका घराला फसवत होतो, आणि ते पुण्याचं काम असल्यासारखे एकमेकांशी हळू बोलत होतो.

टोप बसवायला मी तिला आतल्या खोलीत नेलं. तिनं फडकं सोडलं. डोक्याचा मधला सगळा भाग भाजून बरा झाल्यासारखा गुळगुळीत होता. तिथं आता केस येणार नव्हते. मी टोप हातात धरूनच राहिले आणि तिला वाटलं, मला किळस येते आहे. ती म्हणाली, "आता लागत न्हाई ताई कोणाला. डाक्टरनं सांगितलंय."

मी म्हणाले, "मला तसं वाटलं नाही गं."

टोप चढवून आरसा हातात दिला तर ती लाजली. मग एकदम बोलायला लागली. "माझं रामाचं काम लई गाजल्तं, ताई. बाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. वनवासाला निघाले तवा बाया रडून राह्यल्त्या." तिच्या तोंडावर तेवढ्यापुरता कसलाच त्रास नव्हता. मला सांगून टाकायचं होतं. पण लग्न जमत आलं होतं, आणि आता तिला सांगून तिचं काय भलं होणार, असं मी स्वतःला समजावलं. माझं भलं त्यात होतंच.

तिनं टोप धुवायचा कसा ते विचारलं. मी तिला सगळं शिकवलं. चोळायचा नाही, आतली जाळी घासायची, सावलीत वाळवायचा, टोकापासून विंचरायचा. तिनं एकेक गोष्ट परत म्हणून दाखवली.

पोळ्याला अजून दीड महिना होता तेव्हा ती एकटीच आली. दुपारची वेळ होती आणि वडील शिंप्याकडे गेले होते. लुगड्याचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात गाठोडं. तिनं ते माझ्यासमोर ठेवलं.

"इतक्या जल्दी?" मी म्हणाले, आणि म्हणताच जीभ चावली.

"न्हाताना सासूनं पाह्यलं," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी दिरानं घरी आणून घातलं. आता परत न्यायचं न्हाई म्हणले." आवाजात रडणं नव्हतं. बस चुकली हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

मी गाठोडं सोडलं. टोप मऊ होता, टोकापर्यंत विंचरलेला, रिठ्याचा वास येत होता. उलटा करून पाहिला. जाळीत हळदीचा डाग नाही, अक्षतेचा कण नाही.

"दोनदा धुतलाय, ताई," ती म्हणाली. "मी घालत होते ना. माझ्यापायी दुसरीच्या डोक्याला काही व्हायला नको."

तेव्हा मला राहवेना. मी म्हणाले, "तुझा रामाचा टोप मी धुतला नव्हता. घरात पाणी होतं. मी त्यानं माझं डोकं धुतलं."

तिनं शिव्या द्याव्यात, टोप माझ्या तोंडावर फेकावा, असं मला मनापासून वाटत होतं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "धुतलेला नव्हता ते. राकेलचा वास येऊन राह्यल्ता. घातल्या घातल्या आग होऊन राह्यल्ती. पण बोलले असते तर बाईंनी दुसरीला राम केलं असतं."

मग तिनं रिकामं फडकं घडी करून कमरेला खोचलं. मी चहाला थांब म्हणाले, ती गाडीची वेळ झाली म्हणाली. दारात वळली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, "केस छान हायेत तुमचे." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो सहन केला असता.

पुढे बदनापूरकडचं कोणी दुकानात आलं की मी तिची चौकशी करायचे. ती मोलमजुरीला जाते एवढं कळलं, आणि नंतर तेही कळेनासं झालं. वडिलांना मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. आमचे टोप धुतलेले असतात, असं ते गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत राहिले.

त्या नवरात्रात सीतेचा टोप एका मंडळानं मागितला. ट्रंकेतून काढताना वडील म्हणाले, "एका बाईनं महिनाभर घातलाय. परत धुऊन घे."

मी म्हणाले, "धुतलेला आहे."

हे वाक्य मी त्या दुकानात कितीतरी वेळा बोलले होते. त्या दिवशी ते अगदी खरं होतं, आणि धुणारी मी नव्हते.