भावोजींची चापट

डबडेमामांच्या दुकानात दोन माणसं शिरली की तिसऱ्याने बाहेरच उभं राहावं. भिंतीभर जुने कॉम्प्युटर, पिवळट कीबोर्ड, पाठीला कुबड आलेले मॉनिटर. 'डबडेमामा' हे नाव दिलं भाचरांनी, आणि तेच झालं सगळ्या बाजारात. मामांना त्याचा राग नव्हता. राग यायचा तो "टाकून द्या की आता" म्हणणाऱ्यांचा. "आजोबांना टाकलंत का?" असं तोंडावर विचारायचे. गिऱ्हाईक गेलं तर गेलं उडत!

पण या खेपेला मामांची पाचावर धारण बसली होती, कारण काम घेऊन आली होती सख्खी थोरली बहीण. अर्धांगाच्या झटक्याने भावोजींची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. ऐकू यायचं, समजायचं, पण तोंडातून शब्द फुटेना.

"डॉक्टर म्हणतात, आवडीचं काहीतरी समोर ठेवा," ताई म्हणाली. "आता यांना घरातल्या त्या जुन्या कॉम्प्युटरच्या खोक्याशिवाय जन्मात दुसरं काय आवडलंय? माझ्यापेक्षा त्याच्याशीच जास्त बोलायचे." हसता हसता तिचे डोळे भरले. "मला काय, एक शब्द हवाय रे. शिवी दिली तरी चालेल."

भावोजी नकाशे काढायचे. फावल्या वेळात त्यांनी त्या मशीनवर स्वतः सापाचा खेळ लिहिला होता. मामांनी आधी सोपा मार्ग धरला. फ्लॉपीवरचा खेळ काढून लॅपटॉपवर घेतला आणि एम्युलेटर टाकला, म्हणजे लॅपटॉपला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. ताईच्या घरी भावोजींसमोर सुरू करताच साप सुसाट सुटला आणि भिंतीवर आपटून मेला. "अरे, मेल्या, थांब की!" मामांनी वेग उतरवला, साप शहाण्यासारखा सरपटू लागला. भावोजींनी परक्याच्या लग्नाचे फोटो बघावेत तसं बघितलं आणि मान फिरवली.

"सोंग ते सोंगच," म्हणत मामांनी ताईकडचं मूळ खोकं उघडलं. धूळ काढली, पॉवर सप्लाय बदलला, अडकणारी बटणं सोडवली. आतलं एक कार्ड खोबणीत सैल डुगडुगत होतं, ते स्क्रूने पक्कं आवळलं. जीव ओतून काम केलं बिचाऱ्याने!

बटण दाबताच मशीन पहिल्या झटक्यात बीप करून उठलं. पडदा हिरवा झाला. भावोजींचा डावा हात उचलला गेला. हात हवेत थांबला आणि पुन्हा मांडीवर पडला. डोळे विझले. ताई खिडकीकडे वळली, आणि मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण हात गेला होता कुठे? कीबोर्डकडे नाही, खोक्याच्या कुशीकडे.

"ताई, भावोजी याला मारायचे का गं?"

"रोज! दोन चापट्या खाल्ल्याशिवाय ते हलायचंच नाही."

मामांनी कपाळावर हात मारला. "हात् तिच्या! मी गाढव, नको ते दुरुस्त करून बसलो."

इतकी वर्षं लोकांचे बिघाड काढणाऱ्या माणसाने त्या दिवशी बिघाड परत घातला. स्क्रू काढला, कार्ड होतं तसं सैल केलं. म्हातारं मशीन, एका दणक्यात कायमचं गेलं तर?

बटण दाबलं. पडदा काळाच. भावोजींच्या कपाळावर आठी चढली. डाव्या हाताने त्यांनी एक चापट ठेवून दिली. काही नाही. मामांनी डोळे मिटून घेतले. दुसरी चापट बसली, बीप झालं, आणि त्या पाठोपाठ जाड, अडखळता, पण स्पष्ट आवाज आला.

"ऊठ... गं... बये!"

ताई गर्रकन वळली. हसावं की रडावं तिला कळेना, दोन्ही एकदमच आलं. मग इतकी वर्षं रोज स्वयंपाकघरातून ओरडायची तेच ती म्हणाली, "अहो, मारू नका हो तिला!"