बेटावरची कानबाई

पिंपळनेरच्या अलीकडे धरण झालं, तेव्हा सगळं शिवार पाण्याखाली गेलं आणि मधली एक टेकडी तेवढी वर राहिली. त्या टेकडीवर नानांचं घर होतं. नानांनी जन्मभर जहाजावर स्वयंपाक केला होता. परत आल्यावर त्यांनी घराच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. रात्रीचा मुक्काम आणि सकाळची न्याहारी, एवढंच मिळायचं. होडीतून माणसं यायची, एक-दोन रात्री राहायची, पाण्यावरचे पक्षी बघायची आणि जायची. मी तिथं न्याहारी करायला आणि झाडलोट करायला राहिले. नवऱ्यानं दुसरी केली होती आणि भावाच्या घरात माझ्यासाठी वेगळी जागा नव्हती.

त्या घराच्या भिंती मी रोज पुसायची. त्यांवर नानांनी देशोदेशींहून आणलेले लाकडी मुखवटे होते, कागदी पंखे होते, एकीच्या पोटात एक बसणाऱ्या बाहुल्या होत्या, लोकरीचे गालिचे होते. शाळेच्या भूगोलात जे देश पाठ केले होते, ते मला इथं धुळीमुळे ओळखीचे झाले. कुठल्या देशाच्या नक्षीत किती धूळ बसते, ते मी अजून सांगू शकेन.

जेवणघराच्या भिंतीवर खिळ्याला एक नारळ टांगलेला होता. कुठल्याशा लांबच्या बेटावरचा. त्याच्यावर नाक आणि ओठ कोरलेले होते आणि डोळ्यांच्या जागी कवड्या बसवल्या होत्या. बाकी सगळ्या वस्तू मी फडक्यानं पुसायची. तो मात्र पदरानं पुसायची आणि कुणी बघत नसलं की हात जोडायची. आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी नारळाचीच असते. त्याला डोळे लावतात, नथ घालतात, साडी नेसवतात. हा तर तयारच होता.

श्रावणात कानबाईचे रोट होतात. घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याच पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या आणि त्या कुळातल्यांनीच खायच्या. बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही. लग्न झालं तशी मी माहेरच्या रोटातून गेले, आणि नवऱ्यानं टाकलं तशी सासरच्याही. त्या दिवशी साऱ्या खानदेशात बायका कुणाच्या तरी रोटाला बसलेल्या असायच्या. मी पाहुण्यांसाठी पाव भाजायची.

एका श्रावणात नाना धुळ्याला गेले आणि पाऊस लागला. होडी पलीकडच्या काठाला बांधलेली राहिली. घरात पाहुणे नव्हते. रोटांच्या रविवारी सकाळी उठले आणि का कोण जाणे, मी खिळ्यावरचा नारळ काढला. चौरंग मांडला. नारळाला माझी लग्नातली साडी नेसवली, मागं दोन कागदी पंखे उभे केले. आमच्या गावात कुणाची कानबाई इतकी सजली नसेल.

मग डब्यातून गहू घेतले. पहिली सव्वा मूठ नानांच्या नावानं घेतली. दुसरी कुणाची घ्यावी ते सुचेना. मूठ डब्यातच उघडली. भिंतीवर कॉफीच्या बिया दळायचं एक लाकडी यंत्र होतं, त्यात नानांच्या नावाचे गहू दळले. दोनच पोळ्या झाल्या. गाणी म्हणायला बायका लागतात. मी एकटीनंच म्हटली, तर आवाज इतका मोठा वाटला की मधेच थांबले.

सोमवारी कानबाईला पाण्यावर नेलं. आमच्याकडे नारळ पाण्यात बुडवून परत आणायची रीत आहे. पण आमचा नारळ पाण्यानं भरलेला, जड असतो. हा आतून पोकळ, पिसासारखा हलका. हातातून निसटला आणि कवड्यांच्या डोळ्यांनी वर बघत लांब गेला. मी गळ्यापर्यंत पाण्यात गेले. हाताला लागला नाही.

दुपारी पाऊस उघडला आणि नाना आले. आल्याआल्या त्यांचं लक्ष खिळ्याकडे गेलं. पाहुण्यांशी ते शहरी बोलायचे, माझ्याशी आमचं खानदेशीच.

"खिळावरना नारळ कोठे शे?"

"नाना, मनाकडथीन पानीमा गया."

"पानीमा? त्याले पव्हाले शिकाडी ऱ्हायंती का?"

नारळाला पोहायला शिकवत होतीस का, म्हणे. मी कानबाईचं सांगितलं. आता सामान बांधायला सांगतील असं वाटत होतं. नाना स्टुलावर बसले, डोक्यावरून हात फिरवला.

"इतला समुद्र पार करीसन उना, नि आठे बुडना!"

"बुडना नही, नाना. तरंगत गया."

ते हसले. मग म्हणाले, "रोट कयात का? माले बी दे. भूक लागनी शे."

उरलेली एक पोळी ताटलीखाली झाकलेली होती. ती त्यांचीच होती. गहूच त्यांच्या नावाचे होते. पण लहानपणापासून जे ऐकलं होतं, तेच तोंडातून निघालं.

"रोट बाहेरनासले देत नहीत."

"घर मनं, गहू मना, नारळ बी मना, नि बाहेरना मीच!" नाना मोठ्यानं हसले. पण उठले तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हतं. स्वतःच पाव कापला, चहात बुडवून उभ्यानं खाल्ला आणि खोलीत गेले.

नाना, मूठ तुमच्या नावाची घेतली होती, एवढंच सांगायचं होतं. मी त्यांच्या दारापर्यंत ताटली घेऊन गेले. आत रेडिओ लागला होता. ताटली तशीच घेऊन परत आले.

ती पोळी मी दोन दिवसांनी पाण्यात सोडली. खिळा तसाच राहिला. नानांनी त्याला दुसरं काही टांगलं नाही आणि मीही तो कधी काढला नाही. पाहुणे विचारायचे, इथं काय होतं? नाना माझ्याकडे बघायचे. मी ताटं उचलायला लागायची.

आता नाना नाहीत. त्यांच्या पुतण्यांनी सगळ्या वस्तू नेल्या. मी भावाच्या घरी असते. श्रावणात वहिनी गहू मोजते, तेव्हा मी अंगणात जाऊन बसते. मनात मात्र दरवर्षी नानांच्या नावाची एक सव्वा मूठ घेते.