कुंकू लावलेला आरसा

निर्मला गेल्याचं मला कुणी माणसाने सांगितलं नाही. मोबाइलवर एक चित्र आलं. निळंकाळं आभाळ, त्यात लुकलुकणाऱ्या चांदण्या, मधोमध गोलात निर्मलाचा पासपोर्ट साइजचा फोटो आणि खाली मजकूर : ‘आपल्या लाडक्या मॅडम आता एक तारा झाल्या.’ शाळेच्या ग्रुपवर ते आलं होतं आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. रडू यायच्या आधी मला संताप आला. जिने उभा जन्म बुऱ्हाणपूरच्या पोरींना तारा म्हणजे काय हे शिकवण्यात घालवला, तिची राख थंड व्हायच्या आत तिच्याच शाळेने तिला तारा करून टाकलं होतं. आता महिना उलटून गेला, तरी तो संताप काही उतरत नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना शांतपणे लिहावं. मला ते जमणार नाही, आणि निर्मलाला ते खोटं वाटलं असतं.

आम्ही दोघी एकाच मुलींच्या शाळेत होतो. ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. शाळेचं नाव लिहीत नाही, लिहावं असं ते राहिलेलं नाही. मी शनवारा भागात राहायची, ती राजपुऱ्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन एकटी. माझा स्वभाव तिखट, तिचा त्याहून तिखट, पण तिचा आवाज चढायचा नाही एवढाच फरक. आमचं पहिलं भांडण झालं ते सविता नावाच्या मुलीवरून. देडतलाईकडची पोर, वसतिगृहात राहायची. पावसाळ्यात तिची आई गेली. दिवस करून घरून परत आली तेव्हा सविताने वर्गात उभं राहून विचारलं, “मॅडम, माझी आई कोणता तारा आहे?” निर्मला तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “कोणताच नाही, बेटा. माणूस मरून तारा होत नाही. तारे मरतात, तेव्हा त्यांच्यातला माल आभाळभर उधळतो, आणि त्यातून पुढे माती, झाडं, माणसं होतात. तुझ्या आईच्या हाडांतला चुना ताऱ्यात तयार झाला होता. तुझ्याही हाडांत तोच आहे.” हे मला स्टाफरूममध्ये कळलं आणि मी तिच्यावर तुटून पडले. आई गेलेल्या पोरीला ‘हो’ म्हणायला काय जात होतं तुझं? ती वह्या तपासत म्हणाली, “शैले, उद्या ती दुर्बिणीला डोळा लावून आई शोधील. मी तेव्हा काय दाखवू तिला?” मला उत्तर सुचत नाही तेव्हा मी चार दिवस बोलत नाही. तसं मी केलं.

दुर्बीण म्हणजे तिने स्वतः घासलेली. हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. इंदूरहून काचेच्या दोन जाड चकत्या आणल्या होत्या. एक चकती खोलीत मधोमध तेलाच्या पिंपावर पक्की बसवायची, वर ओली वाळूसारखी पावडर टाकायची, आणि दुसरी चकती तिच्यावर दोन्ही हातांनी मागेपुढे घासत पिंपाभोवती फिरायचं. जात्यावर दळल्यासारखं, फक्त इथे दळणारी उभी आणि फिरती. महिनोन् महिने. हळूहळू वरची काच खोलगट होते, खालची फुगते. मग पावडर बारीक, आणखी बारीक, शेवटी डांबरावर पॉलिश. खोलगट काच म्हणजे दुर्बिणीचा आरसा. तो नीट झाला का, हे बघायची एक चाचणी असते : खोलीच्या एका टोकाला आरसा उभा करायचा, दुसऱ्या टोकाला पत्र्याला सुईचं भोक पाडून त्यामागे टॉर्च धरायचा, आणि परत येणारा उजेड ब्लेडच्या धारेने हळूच कापायचा. आरशावर सावली उमटते. केसाच्या कितीतरी पट बारीक उंचवटा असला तरी त्या सावलीत दिसतो. पण त्यासाठी सगळं निश्चल लागतं, आणि राजपुऱ्यात निश्चल काय असणार? शेजारी लूम, मागे लूम, खाली लूम, सगळे विजेवर चालणारे यंत्रमाग. फरशी दिवसभर थरथरायची आणि आरशातली सावलीही. त्यामुळे वीज जायची वाट बघावी लागे. वीज गेली की सगळा मोहल्ला विजेवाल्यांच्या नावाने शिव्या घालायचा, आणि निर्मला “शैले, चल, चल!” करत टॉर्च माझ्या हातात कोंबायची. आणि वीज परत आली, माग खडखडले, की मोहल्ला खूश, आणि शिव्या घालायची पाळी निर्मलाची. बाई शिव्या चांगल्या द्यायची. शाळेत कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं.

आरशावर चांदीसारखा मुलामा चढवायला तो पुण्याला पाठवावा लागला. परत आणताना बसमध्ये कापसात गुंडाळून, पुरणपोळीच्या डब्यात घालून मी मांडीवर धरून आणला होता. मग शाळेच्या गच्चीवर संध्याकाळी मुली रांग लावायच्या. डोळा लावण्याआधी निर्मला प्रत्येकीला एकच सांगायची : “काय दिसलं ते सांग. काय दिसायला पाहिजे ते नको सांगू. नाही दिसलं, तर नाही म्हण.” एकदा वार्षिक समारंभाला एक पुढारी आले. मुख्याध्यापकांनी त्यांना मोठ्या मानाने गच्चीवर आणलं. पाहुण्यांनी डोळा लावला, दोन क्षण थांबले आणि म्हणाले, “वा! अद्भुत!” मागे उभे असलेले सगळे ‘अद्भुत, अद्भुत’ म्हणाले. त्यांच्यानंतर सविताने डोळा लावला आणि तिच्या बोलीत सरळ सांगून टाकलं, “मॅडम, काहीच दिसून नाही राहिलं.” नळीच्या तोंडावरचं झाकण काढायचं राहिलं होतं. निर्मला इतकी हसली, इतकी हसली... आणि मुख्याध्यापकांचा चेहरा जो काळवंडला, तो पुढे तिच्या वाट्याला अनेक वर्षं आला.

मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नव्हतं. जे कळलं ते तिच्या खोलीत, त्या पिंपाशेजारी बसून. मी विचारलं होतं, खाली एवढ्या मोठमोठ्या दुर्बिणी असताना कोट्यवधी रुपये घालून वर अवकाशात दुर्बीण कशाला पाठवायची? ती म्हणाली, “मागांनी माझ्या आरशातली सावली हलते ना? तसं हवेने ताऱ्यांचं चित्र हलतं. म्हणून दुर्बीण वर नेतात, जिथे लूम नाहीत.” इतकं सोपं कुणी मला सांगितलंच नव्हतं. मग ती धगीच्या दुर्बिणीबद्दल सांगायची. कापसाच्या जिनिंगमधल्या धुळीपलीकडची चूल डोळ्यांना दिसत नाही, पण गालाला धग लागते. आभाळातल्या धुळीमागेही तारे जन्मतात आणि त्यांची धग पकडणारी दुर्बीण आता वर आहे. तिचा सोनेरी आरसा घडी घालून नेला आणि वर गेल्यावर उलगडला, हे सांगताना तिचे हात स्वतःच उलगडायचे. त्या दुर्बिणीने पकडलेला उजेड इतका जुना, की तो निघाला तेव्हा आपली पृथ्वीही नव्हती. “म्हणजे आपण बघतो ते सगळं होऊन गेलेलं?” मी विचारलं. “होऊन गेलेलं, पण खरं,” ती म्हणाली. आधीच्या एका मोठ्या दुर्बिणीची गोष्ट तिची लाडकी होती. आरसा अत्यंत गुळगुळीत घासला, पण चुकीच्या आकारात. एका चाचणीत चूक दिसली होती, पण त्या चाचणीवर कुणी विश्वास ठेवला नाही. शेवटी माणसं वर जाऊन त्या दुर्बिणीला चष्मा लावून आली. निर्मला म्हणायची, “चूक सगळ्यांकडून होते गं. दिसलेली चूक दाबायची नाही, बस.”

निवृत्त होताना तिने दुर्बीण शाळेला दिली, मुलींसाठी. शाळेने तिला शाल दिली, नारळ दिला आणि दुर्बीण कुलपात ठेवली. चावी मुख्याध्यापकांकडे. दर थंडीत, आभाळ स्वच्छ झालं की निर्मला जायची आणि चावी मागायची. “मौल्यवान वस्तू आहे, मॅडम. पोरी हात लावतात, खराब होईल.” हे उत्तर तिने ऐकून घेतलं, मी घेतलं नसतं. आपलं यान चंद्रावर उतरताना पहिल्यांदा शेवटच्या घटकेला गप्प झालं, तेव्हा शाळेत पोरी रडल्या होत्या, आणि निर्मला म्हणाली होती, “रडू नका. काय चुकलं ते आता शोधतील.” पुढच्या वेळी यान नीट उतरलं, तेव्हा आम्ही दोघी माझ्या टीव्हीपुढे होतो. शाळेत फटाके फुटले, मोबाइलवर भाषण आलं, ‘आम्ही चंद्र जिंकला.’ आणि चंद्र बघायची दुर्बीण त्याच इमारतीत कपाटात बंद. निर्मला टीव्ही बघत नुसती म्हणाली, “आज चंद्र छान आहे गं, पोरींना दाखवला असता...” ती थकायला लागली ती तिथून, असं मला वाटतं. हृदय नंतर थांबलं.

आता शोकसभा. हॉलमध्ये टेबलावर तिचा मोठा फोटो, आणि समोर, इतक्या वर्षांनी कपाटाबाहेर काढलेली, तिची दुर्बीण. नळीला झेंडूचा हार. नळीवर स्वस्तिक. दुर्बीण फोटोकडे रोखलेली, आणि लोक रांगेने डोळा लावून, हात जोडून पुढे जात होते. बाजूला शिपाई उभा होता, भला माणूस. मला म्हणाला, “मॅडम, आरसा भी निकाल के साफ किया. इमली और राख से रगड़ा. कितना काला मैल निकला, क्या बताऊँ.” मी नळीत वरून डोकावले. आरशावर मधोमध हळदकुंकू लावलेलं, अक्षता चिकटलेल्या. आणि तो काळा मळ म्हणजे आरशाचा मुलामा होता. घरच्या देवांची भांडी घासावीत तसा त्याने आरसा भक्तीने घासला होता. त्याला मी काय बोलणार? ज्याने चावी आपल्या खिशात ठेवली आणि बाई मेल्यावर तिच्या दुर्बिणीची पूजा मांडली, त्याला बोलायचं होतं. मुख्याध्यापक माइकवर सांगत होते, की ही दुर्बीण आता काचेच्या पेटीत कायमची जतन केली जाईल. लोक डोळा लावत होते. कुणी म्हणे, “वा.” कुणी म्हणे, “मॅडम दिसल्यासारख्या वाटल्या.” माझी पाळी आली. मी डोळा लावला, वर पाहिलं, आणि हॉलभर ऐकू जाईल असं म्हटलं, “मला काही दिसत नाही.”

मुख्याध्यापक हसून म्हणाले, “मॅडम, भावना समजून घ्या.” तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, “मलाही काहीच दिसून नाही राहिलं.” सविता होती. आता देडतलाईच्या शाळेत शिकवते, केसांत पांढरं दिसायला लागलंय. ती पुढे आली, हार काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “सर, ही मॅडमनी पोरींना दिली होती. माझ्या शाळेतही पोरी आहेत.” मुख्याध्यापकांनी समिती, ठराव, नियम असलं काहीतरी सुरू केलं. मी त्यांना एवढंच सांगितलं, की ठराव करा, मी वर्तमानपत्रात लिहिते. आम्ही दुर्बीण रिक्षात घातली. कुणी अडवलं नाही. अडवायला त्यांना तिची गरज होती कुठे? पेटी अजून आलीच नव्हती.

पण आरशाचं काय? मुलामा पुन्हा चढतो, हे मला माहीत होतं. मला भीती होती ती आकाराची. राखेत खडा असेल, काच खरवडली असेल, तर त्या बाईची सगळी दळणं वाया. गेल्या आठवड्यात तिच्या खोल्या रिकाम्या करायच्या होत्या, तिचा भाऊ जळगावहून किल्ली पाठवून मोकळा झाला होता. मी आणि सविता गेलो. पिंप तसंच होतं. पत्रा, ब्लेड, टॉर्च, सगळं खिडकीत; त्या चाचणीला मुलामा लागत नाही, नुसती काच पुरते. कुंकू धुतलेला आरसा आम्ही एका टोकाला उभा केला आणि वाट बघत बसलो. खाली माग खडखडत होते, फरशी थरथरत होती. दुपारी वीज गेली. मोहल्ल्यातून शिव्या उठल्या. सविताने टॉर्च धरला, मी ब्लेड सरकवलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या चाचणीत मी स्वतः डोळा लावला. टॉर्च धरणारीचं काम सोडून बघणारीच्या जागी बसायला मला धीर होत नव्हता.

“काय दिसलं, मॅडम?” सविताने विचारलं.

मी जे दिसलं ते सांगितलं. कडेला दोन-तीन ओरखडे आहेत. बाकी सावली अखंड आहे, मऊ, मधे किंचित दबलेली आणि भोवती फुगीर, मेदूवड्यासारखी. नीट झालेल्या आरशाची सावली अशीच दिसते, असं निर्मला सांगायची. मुलामा गेला होता, आकार जागच्या जागी होता. मी डोळा काढेना. मला आणखी बघायचं होतं...

तेवढ्यात वीज आली. माग सुरू झाले, सावली थरथरून विस्कटली, आणि मी राजपुऱ्याच्या त्या खोलीत, सवितासमोर, निर्मलाच्या सगळ्या शिव्या एकामागून एक घातल्या.