आभाळाकडे पाठ

डोमाजीकाकाजी कुणाच्याही घरी गेले की आधी चपला फिरवायचे. स्वतःच्याच नव्हे, दारात पडलेल्या सगळ्यांच्या. वाकून एकेक जोड उचलायचा, तोंड रस्त्याकडे करून ओळीनं लावायचा आणि मगच आत जाऊन राम राम घालायचा. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो. करडीच्या शाळेत मी नवीन रुजू झालो तेव्हा नातवाच्या पालकसभेला आले आणि अख्ख्या सभेच्या चपला फिरवून आत येईपर्यंत माझं भाषण संपलं. तासभर आरशासमोर तयार केलेलं भाषण! मी जरा घुश्शातच विचारलं, "काकाजी, हे काय?" तर शांतपणे म्हणाले, "आत जाणं कोणालेई जमते, गुरुजी. निघणं पाहून ठेवा लागते."

अंगानं काडी, आवाज मात्र असा की बांधीतून, म्हणजे भातखाचरातून, हाक मारली तर गावातली कुत्री उठून बसावीत. दोन एकर धान होतं. पण गावात त्यांची ओळख होती ती पटाची. धान निघालं, बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्याकडे शंकरपट भरतो. बैलजोड्या धावतात आणि माणसं ती धाव पाहायला लोटतात. पवनी-तुमसरकडून लोक येतात. आधी बैलबंड्यांनी यायचे, मग फटफट्यांनी, आता चारचाकीशिवाय कुणाचा पाय निघत नाही. ही सगळी वाहनं लावायची आणि संध्याकाळी सुखरूप बाहेर काढायची, हे काम डोमाजींचं. कुणी दिलं नव्हतं, त्यांनीच घेतलं होतं. काठीला लाल शेला बांधून ते रस्त्याच्या तोंडाशी उभे राहायचे आणि एकच मंत्र म्हणायचे, "तोंड बाहेर! तोंड बाहेर!"

गाडी उलटी फिरवून, तोंड रस्त्याकडे करून लावली तरच जागा. एकदा एका पुढाऱ्याची गाडी सरळ आत घुसायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब बसले आहेत आत." डोमाजींनी वाकून काचेतून साहेबांना नमस्कार केला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मोठे साहेब आहेत न? मंग त्यायले घरी जाची घाई जास्त असन. फिरवा." साहेब हसले. गाडी फिरली. पुढं काही वर्षं पटावर बंदी आली, तेव्हा हा माणूस मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, गर्दीला वळण लावत राहिला.

गंमत अशी की इतक्या वर्षांत डोमाजींनी एकही जोडी धड धावताना पाहिली नव्हती. सगळं गाव धावेकडे तोंड करून उभं आणि हे धावेकडे पाठ करून. मागं हलकल्लोळ उठला की न वळता म्हणायचे, "सुटली वाटते." संध्याकाळी चहाला मलाच विचारायचे, "कोणती जोडी आली जी पयली?" मी सांगायचो आणि ते मान डोलवायचे, जणू निकाल त्यांना आधीच ठाऊक होता.

मग त्यांचे डोळे जायला लागले. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येत नाही म्हणाले, उरलेलं सांभाळा. बाजूचं दिसेनासं झालं होतं. समोरचं दिसायचं, पण नळीतून पाहिल्यासारखं. डोमाजींनी त्याचीही थट्टाच केली. "बरं झालं जी. आता आजूबाजूच्या लोकाइकडं ध्यान नाही जात."

त्याच थंडीत नागपूरला विमानांच्या कसरती होणार असल्याची बातमी आली. विमानं आभाळात कोलांट्या घेणार, रंगीत धूर सोडणार. डोमाजींनी ती बातमी नातवाकडून तीनदा वाचून घेतली. लहानपणी बांधीत रोवणी करताना वर पांढरी रेघ ओढत जाणारं विमान दिसलं की ते चिखलात उभे राहून रेघ पुसेपर्यंत पाहत राहायचे आणि बापाच्या शिव्या खायचे, हे मला त्यांच्या बायकोनं, यशोदाकाकूंनी सांगितलं. काकू माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "गुरुजी, जलमभर लोकाइले पाहाले लावलं अन् सोता पाठ करून उभे राहिले. डोळे आहेत तोवर एकडाव त्यायले पाहू द्या. तुमची गाडी आहे. पण एक सांगतो, तिथं त्यायले काम करू देजा नका." मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. तो शब्द किती टिकला, ते पुढं येईलच.

कार्यक्रम दुपारी चारचा होता. डोमाजींचं म्हणणं, पहाटे निघायचं, शिदोरी बांधून. आता इथं माझं शहाणपण आडवं आलं. मी त्यांना समजावलं की चार म्हणजे चार नसतात. प्रमुख पाहुणे येणार, हार होणार, दिवा लागणार, मग कुठं काही. आमच्या स्नेहसंमेलनाचं दहाचं उद्घाटन एकला होतं आणि तेही लवकर झालं म्हणून लोक कौतुक करतात. "तुमच्या पटाचं तरी काय, काकाजी? नऊ म्हणता अन् बारालाही जोडी सुटत नाही." ते म्हणाले, "तुमी शिकलेले माणसं. तुमी म्हणान तसं." आम्ही जेवून, आरामात, अकरा वाजून गेल्यावर निघालो.

शहराच्या तोंडाशी पोचलो आणि गाडी थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. मैदान अजून दोन-अडीच किलोमीटर होतं. हळूहळू कळलं ते असं की मैदानाला दार एकच होतं. पासवाले, बिनपासवाले, पायी चालणारे, गाडीतले, सगळे त्याच दारावर. आतली जागा भरली म्हणून परत पाठवलेल्या गाड्या समोरून येत होत्या आणि आम्ही इकडून. मधे दुचाक्या शिरल्या होत्या. कुठून जायचं हे सांगणारी पाटी नाही, माणूस नाही. डोमाजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढून सगळीकडे नजरेची नळी फिरवली आणि म्हणाले, "दार एकच ठेवलं काय जी? अजी, माह्या गोठ्याले दोन दारं आहेत."

मी म्हटलं, होईल, पाहुणे यायचेत अजून. घड्याळात चार वाजले. आणि बरोब्बर चारला, ना हार ना दिवा, विमानं आली.

लोक गाड्यांतून उड्या मारून बाहेर पडले. कुणी टपावर चढलं, कुणी दुभाजकावर. "ते पाहा! ते पाहा!" मी डोमाजींना हाताला धरून बाहेर काढलं. आवाज झाला तशी त्यांनी मान आवाजाकडे नेली. पण विमान तोवर केव्हाच पुढं गेलेलं. मी बोट दाखवलं. ते बोटाच्या दिशेनं नळी वळवेपर्यंत तिथंही रिकामं आभाळ. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तसंच. कपाळाशी हात धरून ते म्हणाले, "आवाज तं येऊन राहिला, गुरुजी. पाखरू काही सापडून नाही राहिलं." मला इतकं वाईट वाटलं की मी रस्त्यावरच्या समोरच्या गाडीला उगाच दोन शिव्या हाणल्या. मैदानात, मोकळ्या जागी, आधीपासून बसवलं असतं तर आभाळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विमान येताना त्यांना धरता आलं असतं. अकराला निघायचं शहाणपण माझं होतं.

तेवढ्यात मागून रडण्याचा आवाज आला. एका शाळेची बस ताडपत्री लावलेल्या उंच ट्रकच्या बुडाशी अडकली होती. खिडक्यांतून पोरांना दिसत होती ती फक्त ताडपत्री. एका बाजूला गाड्या खेटलेल्या, दार उघडत नव्हतं. आत चाळीस पोरं आणि बाहेर सगळं जग "अरे वा" म्हणतंय. डोमाजींनी कान दिला. मग खांद्यावरचा शेला काढला.

"काकाजी, नाही हं," मी म्हटलं. "काकूंना शब्द दिलाय मी."

"मले नाही सापडत, ठीक आहे," ते म्हणाले. "ह्या लेकराइले तं डोळे आहेत न."

झालं. रस्त्याच्या कडेला तारेचं कुंपण घातलेला, घरांसाठी प्लॉट पाडलेला मोकळा लेआऊट होता. फाटकाशी खुर्चीत बसून चौकीदार आभाळ पाहत होता. "भाऊ, फाटक उघड." तो म्हणाला, "मालक चिडते." डोमाजी म्हणाले, "मालकाले सांगजो, करडीचे डोमाजी आले होते. अंधार पडाच्या आत एकई गाडी राहाची नाही." करडी कुठं आणि डोमाजी कोण हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! पण आवाजच असा होता की त्यानं उठून फाटक उघडलं.

मी पुढच्या गाड्यांशी हुज्जत घालायला निघालो तर त्यांनी दंडाला धरलं. "पुढच्याइले बोलून काय फायदा? ते तं अडकलेच आहेत. मांगून सुरू करा, मांगून." मग मी, एका जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक, हातरुमाल हलवत रांगेच्या शेपटाकडे पळालो. शेवटची गाडी आत, मग तिच्या पुढची, मग तिच्या पुढची. फाटकात डोमाजी, हातात शेला. "तोंड बाहेर! फिरवा, तोंड बाहेर!" काळा चष्मा लावलेला एक तरुण वर बघत उभाच होता. डोमाजी त्याच्यावर असे ओरडले की टपावरचे लोक दचकले, "वर काय पाहून राहिले बाप्पा! मांगं पाहा, मांगं! गाडी मांगं घ्या!" विमानांचा खेळ चालू असताना लोकांना वर पाहू नका म्हणून रागावणारा दुसरा माणूस कुठं झाला असेल असं मला वाटत नाही.

ट्रक हलला. बस आत आली. दार उघडलं आणि पोरं मोकळ्या जागेत सांडली. नेमकी तेव्हाच सगळी विमानं एकत्र डोक्यावरून गेली म्हणे. म्हणे, कारण मी पाहिलं नाही. मी पाहत होतो ती पोरांची उघडी तोंडं, उड्या, टाळ्या, आणि त्यांच्या समोर आभाळाकडे पाठ करून उभे असलेले डोमाजी. त्यांचं सगळं लक्ष मागून येणाऱ्या एका रिक्षाकडे होतं.

खेळ संपल्यावर मैदानाच्या दारात जी चेंगराचेंगरी झाली ती तिकडेच राहो. आमचा लेआऊट चहा उकळतो तेवढ्या वेळात रिकामा झाला. सगळी तोंडं बाहेर! चौकीदारानं अदबीनं विचारलं, "काका, कोणत्या खात्यात होते तुमी?" डोमाजी शेला झटकत म्हणाले, "धानाच्या."

मौद्याच्या पुढं आम्ही चहाला थांबलो. बशीत फुंकर घालत त्यांनी घोगऱ्या आवाजात नेहमीचा प्रश्न विचारला, "कसं होतं जी, गुरुजी?"

"काकाजी, मीही नाही पाहिलं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग असे हसले की चहा सांडला. मला मात्र हसू येईना. मी म्हटलं, "माझं चुकलं. पहाटे निघायला हवं होतं. तुमचं ऐकलं असतं तर..." त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. "पाहाटे गेलो असतो तं त्या एका दारात सगळ्यात आंधी आपुनच अडकलो असतो. आता घरी काय सांगाचं ते ठरवा." मग आम्ही दोघांनी बसून विमानांचा खेळ रचला. लोक नऊ विमानं म्हणत होते. डोमाजी म्हणाले, "सात सांगू. नऊ सांगितले तं बाई म्हणन, वाढवून सांगते." दोन कोलांट्या, एक विमान उलटं, धूर तीन रंगांचा. सगळं पाठ झालं.

ओसरीवर पाऊल टाकताच त्यांनी काकूंना सात विमानं ऐकवायला सुरुवात केली. आवाज फुटत नव्हता, नुसती हवा येत होती. काकूंनी ऐकून घेतलं. धुळीनं पांढरा झालेला शेला पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "विमान पाहून घसा बसते काय जी, गुरुजी?" मी चपला पायात सरकवल्या. सुदैवानं त्यांचं तोंड बाहेर होतं.

पुढच्या वर्षी धान निघेपर्यंत डोमाजींची नजर पूर्ण गेली. चपला मात्र चाचपून फिरवतच राहिले. या उन्हाळ्यात ते गेले. माणसं पुष्कळ आली, आणि गाड्या कशा लागल्या होत्या हे मी सांगायला नको. मला मात्र आठवते ती त्याआधीची एक दुपार. आम्ही दोघं त्यांच्या अंगणात बाजेवर बसलो होतो. खूप उंचावर घरघर सुरू झाली. मी आवाजाकडे मान वर केली. आभाळ रिकामं. डोमाजींनी हात उचलला आणि आवाज सोडून पार पुढं, बोडीच्या तळ्याच्या वर, बोट रोखलं.

"तिकडं पाहा."

मी बोटाच्या टोकापासून पुढं नजर नेली. तिथं ते होतं. इवलंसं, चांदीसारखं चमकणारं.

"दिसलं?"

"दिसलं, काकाजी."

"आवाजाच्या मांगं नाही धावाचं, गुरुजी. तो उशिरा येते. त्याच्या पुढं पाहाचं. त्या दिवशी मले हे समजलंच नाही." मग त्यांनी विचारलं, "कसं आहे जी?"

या वेळी मी नीट पाहिलं. पंख कसे आहेत, ऊन कुठं पडलंय, मागची पांढरी रेघ कुठून सुरू होते आणि कुठं विरते, सगळं एकेक करून सांगितलं. यात रचलेलं काही नव्हतं. रेघ पुसेपर्यंत मी सांगत राहिलो आणि डोमाजी आभाळाकडे तोंड करून ऐकत बसले.