पितळेला घातलेली मुरड

कानबाईची ती पितळी प्रभावळ आमच्या ह्यांनी कापलेली नाही. मी कापलीय.

आज त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. सांगून टाकते.

(नात लिहितेय, मी सांगतेय. मला अक्षर येत नाही. चूक दिसली तर तिला बोला.)

आम्ही धुळ्याकडचे. हे सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात लूमचे फिटर होते.

कानबाई आमची खान्देशची देवी. श्रावणातल्या रविवारी नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची आणि तिला पाटावर बसवायचं. सुरतेत आलो तरी ते सोडलं नाही. आमच्या गल्लीतल्या कानबाईचे पितळी दागिने दरवर्षी हेच कापायचे. पानं, मोर, चांदसूर्य.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला, त्या भीतीनं गल्ली गावाकडं पळाली होती. परत आल्यावर पुढच्या श्रावणात सगळ्यांनी मिळून ठरवलं, देवीच्या मागं मोठी प्रभावळ लावायची.

ह्यांना विचारलं. सवयीनं हो म्हणाले.

घरी आले आणि भिंतीला टेकून बसले.

“संजूनी माय,” म्हणाले, “हात आते मनं ऐकस नही.”

मला माहीत होतं. चहाची बशी बोलायची ना, खडखड खडखड.

कामावर पाना घट्ट धरला की कंप दिसायचा नाही. बारीक कामात लगेच दिसायचा. आणि आमच्या दोन दारं सोडून कारखान्याचा मुकादम राहायचा. त्याला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी ह्यांना मशीनवरून उतरवलं असतं. संजू दहावीला, धाकटा सातवीत.

नाही म्हणायची सोय नव्हती. का नाही, हे सांगावं लागलं असतं.

मी म्हटलं, मला शिकवा.

हसले. मग हसायचे थांबले.

ह्यांची करवत मला पेलेना, म्हणून भागळच्या बाजारात गेलो. दुकानदारानं दोन फ्रेमा काढल्या. एक मोठ्या पोटाची, एक लहान. हे त्याला सांगत होते, “माझ्यासाठीच हवीय,” आणि करवत देत होते माझ्या हातात. दुकानदार बघतच राहिला.

मला मोठी आवडली. मोठ्या पोटाची फ्रेम रुंद पत्र्यात आतपर्यंत पोचते.

हे फ्रेमकडं बघतच नव्हते. माझ्या मनगटाकडं बघत होते. मोठी घेतली की मनगट कलायचं.

लहान घेतली. प्रभावळ तीन तुकड्यांत कापायची आणि रिवेटनं जोडायची ठरली.

मग पाती. ह्यांचा नियम एकच, पत्र्याच्या जाडीत पात्याचे तीन तरी दात बसले पाहिजेत, नाहीतर दात अडकतो आणि पातं तुटतं.

मी म्हटलं, तुमच्या आईच्या तोंडात तरी तीन होते का?

भर बाजारात हसले. त्या महिन्यात पहिल्यांदा.

पहिल्या दिवशी मी पातं उलटं लावलं. दात खाली, मुठीकडं असायला हवेत. मी वर केले. पत्रा असा उडाला की मांजर पळालं.

दुसऱ्या दिवशी सहा पाती तोडली. हे ओरडले नाहीत. म्हणाले, तू ढकलतेस. ढकलू नको. मुसळ कसं सरळ पडतं, तशी करवत वरखाली जाऊ दे. कोपरा आला की जागेवरच चालव आणि पत्रा फिरव.

मुसळ म्हटल्यावर कळलं. आधी सांगायला काय झालं होतं?

ह्यांना तेव्हा रातपाळी होती. दुपारी गल्ली शिफ्टला गेली की दार लोटायचं. रेडिओ मोठा करायचा. हे पात्याला मेण लावायचे आणि फळीवर पत्रा दाबून धरायचे. पत्रा हलू नये म्हणून त्यांच्या बोटांवर मी माझा डावा हात ठेवायची.

तेवढा वेळ त्यांचा हात शांत असायचा.

तेवीस वर्षं संसार झाला होता आमचा. इतका वेळ हातात हात कधी धरला नव्हता. लिही गं, लाजतेस काय.

शेवटच्या तुकड्यात माझी करवत रेघेबाहेर गेली. सरळ कडेत खाच पडली. नवा पत्रा आणायला वेळ नव्हता.

मी बघितलं, आणि शेजारी तशीच तिरकी खाच घातली. मग अजून एक. तिन्ही तुकड्यांच्या कडेला करंजीला घालतो तशी मुरड घातली.

रविवारी देवी बसली. सगळे ह्यांना शाबासकी देत होते. हे हात खिशात घालून उभे.

मुकादमाची बायको इंदूबाई पुढं झाली. कडेवरून बोट फिरवलं. मग माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली,

“वहिनी, हाई मुरड तुनीच शे.”

दिवाळीला माझ्याच करंज्या खायची ना ती.

तेवढ्यात मुकादम आला. ह्यांच्याकडं बघून म्हणाला, फिटर माणसाला हे असलं कुठून सुचलं?

इंदूबाईनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“डिझाइन बायकोचं असेल,” म्हणाली. “हात त्यांचाच आहे.”

त्यानंतर चार वर्षं हे मशीनवर राहिले. संजू कामाला लागला तेव्हा स्वतःहून उतरले. इंदूबाई शेवटपर्यंत कुणाला बोलली नाही. त्या चारही श्रावणांत दुपारी आमचं दार लोटलेलं असायचं.

अहो, तुमचं गुपित मी आज सगळ्या फेसबुकला सांगितलं. संजूनं वाचलं की फोन करेल, आई, हे काय केलंस म्हणून. त्याचं काही नाही.

तुम्ही मात्र चिडला असता. दोन दिवस जेवला नसता.

चिडा. पण चिडायला तरी या. पत्रा धरून बसा, मी हात ठेवते.

तुमच्या त्या थरथरत्या हाताला माझा नमस्कार.