खांबाची सावली

कुठलाही नवा नकाशा उघडायच्या आधी भाई चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे आणि म्हणायचे, "घाई कशाला गो? शहर काय पळून चाललंय?" मग पडद्याच्या इतके जवळ जायचे, की त्यांचं नाक इमारतींना लागेल असं वाटायचं.

इथे आखातात, सीफमधल्या आमच्या ऑफिसात ते सगळ्यात जुने. मूळ रत्नागिरीकडचे, पन्नाशी ओलांडलेले. एसीच्या गारठ्याने भर उन्हाळ्यातही स्वेटर घालून बसायचे. आमचं काम म्हणजे शहरांचे थ्रीडी नकाशे, साध्या ब्राउझरमध्ये उघडणारे. इमारती उभ्या दिसतात, माउस हलवत त्यांच्याभोवती फिरता येतं. मी अकोल्याहून आले तेव्हा मला यातलं पुस्तकी तेवढं येत होतं. बाकीचं भाईंनी शिकवलं. पहिल्या दिवशी मी "सर" म्हटलं, तर म्हणाले, "सर वेगळे. मी भाई."

एकदा माझ्या चुकीने मुहर्रकच्या सगळ्या इमारती समुद्रात जाऊन उभ्या राहिल्या. मी रडकुंडीला आले. भाई म्हणाले, "राहू दे थोडा वेळ. मच्छी तरी ताजी मिळेल त्यांना." मग खुर्ची ओढून शेजारी बसले आणि चूक मलाच शोधायला लावली. स्वतः माउसला हात लावला नाही.

आंबेडकर जयंतीला आम्ही इथली बौद्ध मंडळी एक हॉल घेऊन जमतो. भाई दरवर्षी यायचे, मागच्या रांगेत बसून सगळी भाषणं शेवटपर्यंत ऐकायचे. ईदला मी, नवरा आणि मुलगी त्यांच्या हूऱ्यातल्या खोलीवर शीरखुर्मा खायला जायचो. त्यांची बायको आणि दोन मुलगे गावी. माझी मुलगी त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, ते तिला आपल्या कोकणी बोलीत उत्तर द्यायचे. दोघांचं छान जमायचं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याशी बोलताना आपण काही हातचं राखत नाही. मी भाईंना सगळं सांगायचे. बसथांब्याचंही सांगितलं.

नवरा सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये कामाला. गाडी तो घेऊन जातो. मुलगी आजारी होती, म्हणून एका दुपारी तिला दवाखान्यात न्यायला मी बसथांब्यावर उभी होते. थांब्याला छप्पर नव्हतं. दिव्याच्या खांबाची एक बारीक सावली तेवढी जमिनीवर पडली होती. माझी पोरगी हात अंगाला चिकटवून त्या सावलीत उभी राहिली. सावली सरकली की तीही सरकायची. मला म्हणाली, "मम्मा, यू ऑल्सो कम." तिथे तिच्यापुरतीही धड जागा नव्हती.

सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत तेव्हाच सावल्यांची सोय आली होती. वेळेची पट्टी सरकवली की इमारतींच्या सावल्या फिरायच्या. बघायला सुंदर, पण दिसायची ती त्या क्षणाची सावली. मी भाईंना म्हटलं, दिवसभराच्या सावल्या एकत्र केल्या तर? कुठल्या पायवाटेवर किती ऊन ते रंगात दाखवलं तर? छप्पर कुठे हवं आणि सावलीसावलीने कसं चालत जायचं, हे नकाशाच सांगेल.

भाई सरळ होऊन बसले. "हे तू करच गो. बाकीचं मी बघतो."

माझी बरीच कामं त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. मी कितीतरी महिने त्यातच होते. शेवटी हूऱ्याचे रस्ते पडद्यावर लाल-निळे झाले, तेव्हा त्यांनी खालून सगळ्यांसाठी इथला दाट दुधाचा करक चहा मागवला.

क्लायंटला दाखवायच्या आठवड्यात मुलीला ताप आला. भाईंचा फोन आला, "तू घरी थांब. मीटिंग पुढे गेलीय. पोरीकडे बघ." मला केवढं हायसं वाटलं.

मीटिंग पुढे गेली नव्हती.

हे मला कळलं ते कंपनीने टाकलेल्या व्हिडिओतून. स्वयंपाक करता करता मी तो लॅपटॉपवर लावला. भाई कोट घालून क्लायंटसमोर उभे होते. इंग्रजीत सांगत होते, की ही कल्पना त्यांना एका बसथांब्यावर सुचली. त्यांची लहान मुलगी आजारी होती. खांबाच्या सावलीत हात अंगाला चिकटवून ती उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, तुम्हीपण या. इथे त्यांचा आवाज दाटून आला.

टेबलापाशी होमवर्क करत बसलेल्या माझ्या मुलीने मान वर केली. "मम्मा, दॅट वॉज मी." थोडं थांबून म्हणाली, "बट ही वॉज नॉट देअर."

मी व्हिडिओ बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी भाईंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तुझं नाव घेणार होतो गो," ते म्हणाले. "व्हिसा संपत आलाय माझा. वरचे म्हणत होते, म्हातारा झालास, तुझ्याकडून नवीन काही येत नाही. घरी पाठवायचं ठरलंच होतं."

"मला सांगितलं असतंत, तर मीच म्हटलं असतं, भाईंचं नाव लावा."

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

"काम घेतलंत ते घेतलंत. माझी पोरगी कशाला घेतलीत?"

त्यांनी उगाच माउस हलवला. पडद्यावरचं शहर गर्रकन फिरलं. "गोष्टीशिवाय लोक ऐकत नाहीत," ते हळूच म्हणाले. "आणि बोलता बोलता मला खरंच ती माझीच वाटली गो. अल्लाशप्पथ."

ते खोटं बोलत नव्हते. तेच मला जास्त लागलं.

मी मॅनेजरकडे गेले. कामाच्या कागदांवर भाईंच्या नावाखाली माझं नाव जोडलं गेलं. व्हिडिओ मात्र तसाच राहिला. क्लायंटला ती गोष्ट फार आवडली होती. "आता खलास, पुढच्या कामाला लागा," मॅनेजर म्हणाले. भाईंचा व्हिसा वाढला, नव्या विभागाचे ते प्रमुख झाले. त्या वर्षी जयंतीला ते आले नाहीत. ईदला आम्ही गेलो नाही. मुलीने दोनदा विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. पुढे मी दुसरी नोकरी धरली.

मध्यंतरी हूऱ्यातल्या एका कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, दूध घ्यायला शिरले. मुलगी बरोबर होती. भाई फ्रीजपाशी उभे होते. बारीक झाले होते. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा उजळला, हातही अर्धा वर आला. मुलगी माझा हात घट्ट धरून माझ्या मागे सरकली.

त्यांनी ते पाहिलं. हात खाली घेतला, वळले आणि पाण्याच्या बाटल्या बघत राहिले, कुठली घ्यावी ते ठरत नसल्यासारखे. बाटल्या सगळ्या एकसारख्याच होत्या.

"और कुछ?" दुकानदाराने विचारलं. मी नको म्हटलं. आम्ही बाहेर पडलो तेव्हाही ते तसेच पाठमोरे उभे होते.