शेजारीण

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — तिला सांगायला हवं होतं, पण ती गेली. मित्रांना नाही, मुलीला नाही. तुमचं-माझं काही नातं नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगणं जमेल. जमेल का? बघतो.

बहात्तरचा दुष्काळ उलटून एक-दोन वर्षं झाली होती. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवत होतो. वय तिशीच्या आतबाहेर. घरी आई — तिला आम्ही अव्वा म्हणायचो —, बायको महादेवी आणि सहा वर्षांची उमा. आम्ही लिंगायत. महादेवीचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, तिचं मराठी कानडी वळणाचं. इंग्रजीचं अक्षर तिला येत नव्हतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते तिला इंग्रजी येत नव्हतं म्हणूनच होऊ शकलं.

त्या वर्षी आमच्या विभागानं एक परिसंवाद घेतला. विषय होता 'वंश, धर्म आणि आफ्रिकेचा एकतेचा विचार'. सोलापुरात हा विषय कशाला, असं स्टाफरूममध्ये बरेच जण म्हणाले. पण मी हट्ट धरला. त्या काळात मी या विषयानं झपाटलो होतो. आफ्रिकेतले देश एकेक करून स्वतंत्र झालेले, आणि जहाजांत कोंबून दूर नेलेली माणसं व मागं राहिलेली माणसं मुळात एकच, असं सांगणारी माणसं त्यांच्यात निघालेली — मी ते सगळं वाचत होतो, वर्गात बोलत होतो. मुलं ऐकत होती. मला वाटायचं, आपण फार पुढारलेले आहोत.

पुण्यात घानाचा एक संशोधक विद्यार्थी होता. सॅम्युएल त्याचं नाव. त्याला मी बोलावलं, आणि आपणहून लिहिलं की, तुम्ही लॉजमध्ये उतरायचं नाही, माझ्या घरी राहायचं.

घरात कुणाचीही आडकाठी नव्हती. हे मला ठळक सांगायचंय, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला वेगळंच सांगत आलो. अव्वा जुन्या वळणाची, लिंगपूजा केल्याशिवाय पाणी न पिणारी — पण तिनं एवढंच विचारलं, "त्यांना भाकरी चालती का रं? न्हायतर भात लावू." महादेवीनं शेंगापोळ्या केल्या, पुढच्या खोलीत नवी सोलापुरी चादर अंथरली. उमा दारातच बसून होती. आफ्रिकेचा माणूस तिला बघायचा होता.

संध्याकाळी मी त्याला स्टेशनवर उतरवून घेतलं. उंच, सावकाश बोलणारा, हसताना तोंडावर हात धरायची सवय असलेला माणूस. आम्ही टांगा केला. आणि रस्त्यात — कसं सांगू? — लोक बघायला लागले. सायकलवरून घरी निघालेले मागावरचे कामगार थांबून बघत होते. पोरं टांग्यामागं धावत होती, काहीबाही ओरडत होती. सॅम्युएल शांत होता. त्याला सवय असावी. मला नव्हती. ते सगळे डोळे त्याच्यावर होते, पण मला ते माझ्या अंगावर वाटत होते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानपट्टी होती. तिथं ओळखीची चार माणसं उभी होती. त्यांनी टांग्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. एकजण काहीतरी बोलला आणि बाकीचे हसले. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. नुसत्या हसण्यावर मी टांगा थांबवला.

घर तिथून दिसत होतं. दारात उमा बसलेली दिसत होती.

मी सॅम्युएलला म्हणालो की सांगायचं राहूनच गेलं, माझ्या मुलीला गोवर आलाय, घरात येणं तुम्हाला बरं नाही. हे वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं? मी आधी ठरवलं नव्हतं. पण आलं ते एकदम तयार होऊन आलं, एकही शब्द अडखळला नाही.

त्याचा चेहरा लगेच काळजीचा झाला. ताप किती आहे, डॉक्टरला दाखवलं का, तुम्ही मला घ्यायला कशाला आलात — असं तो विचारत राहिला. मी टांगा वळवायला सांगितलं.

स्टेशनजवळच्या लॉजवाल्यानं खोली नाही म्हणून सांगितलं. त्याच्या मागं फळीवर किल्ल्या लटकत होत्या. सॅम्युएलनं त्या पाहिल्या, मीही पाहिल्या. मी भांडलो नाही. कोणत्या तोंडानं भांडणार होतो? शेवटी कॉलेजच्या जिमखान्यात टेबल टेनिसच्या टेबलाशेजारी गादी टाकून दिली.

घरी येऊन महादेवीला सांगितलं की पाहुण्यांना कॉलेजातच उतरायचंय, त्यांना एकांत लागतो. ती म्हणाली, "मग हितनं डबा तरी न्यायचा की." मी म्हणालो, जेवण झालंय त्यांचं. तेही खोटं. तो केळी खाऊन झोपला होता.

इथवरचं ऐकून तुम्ही म्हणाल, भित्रेपणा झाला, होतो माणसाकडून. थांबा. मला सांगायचंय ते अजून पुढं आहे.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत प्राचार्य आणि प्राध्यापक, मागं विद्यार्थी, गावातली काही मंडळी. सॅम्युएल इंग्रजीत बोलणार आणि मी वाक्यावाक्याला मराठी करून सांगणार, असं ठरलं होतं. त्याचं इंग्रजी वेगळ्या लकबीचं होतं, मुलांना ते सहज कळण्यातलं नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

तो चांगला बोलला. त्याच्या गावात मिशनचं चर्च होतं. त्याचे वडील तिथं आठवडाभर मुलांना बायबल शिकवायचे, आणि रविवारी मागच्या बाकावर बसायचे, कारण पुढची बाकं गोऱ्यांची. देव एक असतो हे वडिलांनी मला शिकवलं, तो म्हणाला, पण बाकं दोन का, हे ते शिकवू शकले नाहीत. मी ते मराठीत सांगितलं. मन लावून सांगितलं.

मग प्रश्न सुरू झाले. मोहोळकडच्या एका खेड्यातून येणारा, बी.ए.चा एक विद्यार्थी उठला. त्याचं आडनाव कांबळे. वर्गात तो क्वचितच बोलायचा. तो म्हणाला, "सर, आमच्या गावात बाकं न्हाईत. आमच्याकडं विहिरी दोन हायत. ह्यांस्नी एवढं सांगा. आन् विचारा, हितं त्यांना काय दिसलं."

मी सॅम्युएलला ते जसंच्या तसं सांगितलं.

आणि नेमकं तेव्हा मला मागच्या दाराशी महादेवी दिसली. हातात डबा, बोटाला धरलेली उमा — धडधाकट, दोन वेण्या घातलेली, टाचा उंचावून व्यासपीठाकडं बघणारी. पाहुणे घरी आले नाहीत म्हणून ती पाहुण्यांकडं आली होती.

सॅम्युएल बोलायला लागला. तो म्हणाला की, या तरुणाला मी खरं उत्तर देणं लागतो. काल या शहरात मला एका लॉजवाल्यानं खोली नाही म्हणून सांगितलं, आणि त्याच्यामागं किल्ल्या लटकत होत्या. तेव्हा दोन विहिरी म्हणजे काय, ते मला कळतं. पण माझ्याबरोबर माझा हा मित्र होता. त्यानं मला स्वतःच्या घरी बोलावलं होतं. त्याची लहान मुलगी गोवरानं आजारी नसती, तर काल मी त्याच्या घरी जेवलो असतो. असा एक माणूस असला, तरी मला त्या शहराबद्दल आशा वाटते.

एवढं बोलून तो माझ्याकडं वळला. आता मी बोलायचं होतं.

लॉजचं तेवढं सांगता आलं असतं का? आलं असतं. मुलीचं गाळून बाकीचं सांगता आलं असतं. आज मला हे सुचतं. त्या वेळी एवढंच दिसत होतं की, या सगळ्यातला कुठलाही धागा ओढला तरी तो दाराशी उभ्या असलेल्या त्या दोघींपर्यंत जातो. मी माइकजवळ गेलो आणि म्हणालो, "पाहुणे म्हणतात, सोलापूरकरांनी मला घरच्यासारखं वागवलं. इथं मला कुठलाही भेद दिसला नाही."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्यांना इंग्रजी येत होतं. तो काय बोलला आणि मी काय सांगितलं, ते त्यांना नीट कळलं होतं. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. सॅम्युएलला वाटलं, लोकांनी त्याचं खरं बोलणं मान्य केलं. त्यानं वाकून नमस्कार केला. त्याचे डोळे भरले होते.

कांबळे टाळ्या न वाजवता खाली बसला. त्याला मूळ इंग्रजी किती कळलं होतं, मला माहीत नाही. त्यानंतर तो माझ्या तासाला येत राहिला, पण त्यानं मला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. मीही त्याला बोलावून काही सांगितलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर प्राचार्यांनी माझा खांदा थोपटला. "बरं सांभाळून घेतलंत. आणि मुलीला जपा," म्हणाले. मी हो म्हणालो.

तेवढ्यात महादेवी पुढं आली. गर्दीतून वाट काढत, पदर सावरत, उमाला ओढत. सॅम्युएलसमोर उभी राहून तिनं डबा पुढं केला. त्यानं हसून मला विचारलं, या कोण?

मी इंग्रजीत म्हणालो, या आमच्या शेजारीण. आणि ही त्यांची मुलगी.

हेच ते. इतका वेळ मी याच्याच भोवती घोटाळत होतो.

महादेवी माझ्याकडं बघून हसत होती. नवऱ्यानं पाहुण्याला आपली ओळख करून दिली, असं तिला वाटत होतं. ती मला म्हणाली, "त्यांना म्हणावं, काल लई वाट बघितली तुमची. आज तरी घरी येऊन जावा." मी सॅम्युएलला सांगितलं की, यांना तुमचं भाषण आवडलं. सॅम्युएल वाकला, उमाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाला की, तुझी मुलगीही अशीच लवकर हिंडू-फिरू लागो. मी महादेवीला सांगितलं, "ते म्हणतात, गाडीची वेळ झालीय. पण पोरीला आशीर्वाद देतात."

दोन्ही हात जोडून ती म्हणाली, "बरं." मग उमाच्या कानाशी वाकून तिला नमस्कार करायला सांगितलं. माझी मुलगी त्याच्या पाया पडली.

गाडीला अजून बराच अवकाश होता. आम्ही फलाटावर बसलो. सॅम्युएलनं डबा उघडून शेंगापोळी खाल्ली, सगळी खाल्ली. तुझ्या शेजारणीनं माझ्याकडं परक्यासारखं पाहिलं नाही, असं तो म्हणाला. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, ते लॉजचं बोलताना मी भीत होतो, पण तू ते न कचरता लोकांना सांगितलंस. मी म्हणालो, ते माझं कामच होतं.

रिकामा डबा घेऊन घरी आलो. महादेवीनं विचारलं, आवडलं का त्यांना? आवडलं म्हणालो. त्या दोन दिवसांत तिच्याशी खरं बोललो ते एवढंच.

पुढं मी विभागप्रमुख झालो. समतेवर बोलायला मला गावोगाव बोलावलं जायचं, मी जायचो. धाकट्या बहिणीचं लग्न जुळत होतं म्हणून मी त्या दिवशी घाबरलो, असं काही वर्षं मनाशी म्हणत होतो. पण ते लग्न आदल्याच वर्षी होऊन ती सासरी गेली होती. मग घरमालकाचं नाव पुढं केलं. घरमालक तेव्हा हैदराबादला होता. सॅम्युएलचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. शोधला असता तर सापडला असता. मी शोधला नाही.

महादेवी मात्र ती गोष्ट आयुष्यभर सांगत राहिली. पाहुणेरावळे आले, लग्नकार्य असलं की सांगायची — आफ्रिकेच्या पाहुण्यांनी आमच्या उमाच्या डोक्यावर हात ठेवला, ह्यांनी माझी ओळख करून दिली, इंग्रजीत. मी शेजारी बसून ऐकायचो. एकदोनदा वाटलं, हिला सांगून टाकावं. पण सांगायचं म्हणजे तिच्याकडून काय काय काढून घ्यायचं? की हेही मी स्वतःला वाचवण्यासाठीच म्हणतोय? शेवटच्या दुखण्यात दवाखान्यातल्या नर्सलाही तिनं ती गोष्ट सांगितली. मी खुर्चीवर बसून होतो. मान डोलावली.

आता उमा सांगते. मागच्या महिन्यात तिच्या धाकट्या मुलानं मला विचारलं, "आजोबा, ते आईला नेमकं काय म्हणाले होते?" उमा पोळ्या लाटता लाटता थांबून ऐकत होती.

मी म्हणालो, आशीर्वाद दिला.

तुम्हाला सांगितलं. तिला अजून सांगितलेलं नाही.